मधुमेहासाठी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया: ८३ टक्के, ३० टक्के की १३ टक्के?

शोधयात्री

माझ्या थोरल्या भावाला टाइप २ मधुमेह होऊन दहा-अकरा वर्षे झाली आहेत. वय ५२, बीएमआय ३६, अलीकडचे एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.४. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्या चालू आहेत आणि गेल्या वर्षापासून रात्रीचे इन्सुलिनही सुरू झाले आहे. डॉक्टरांनी गॅस्ट्रिक बायपासचा (जठर लहान करून अन्नाचा मार्ग वळवण्याच्या शस्त्रक्रियेचा) पर्याय सुचवला असून त्याच्या मनाने ‘मधुमेह कायमचा जाणार’ असे घेतले आहे. घरात वाचनाची सवय असलेला मी एकटाच असल्यामुळे अभ्यासाची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि जितके वाचले तितका गोंधळ वाढत गेला.

वॉल्टर पोरिस यांच्या १९९५ च्या गाजलेल्या निबंधात बायपासनंतर सुमारे ८३ टक्के मधुमेहींची साखर सामान्य झाल्याचे म्हटले आहे. स्वीडनच्या दीर्घकालीन पाहणीत हा आकडा दोन वर्षांनी ७२ टक्के, तर पंधरा वर्षांनी ३० टक्के आहे. क्लीव्हलँडच्या ‘स्टॅम्पीड’ चाचणीत पाच वर्षांनी २९ टक्के, आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एकत्रित विश्लेषणात बारा वर्षांनी जेमतेम १३ टक्के. एकाच उपचाराचे आकडे इतके वेगळे कसे असू शकतात? यांतला कोणता आकडा मी भावासमोर ठेवावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. ‘शस्त्रक्रिया करा’ किंवा ‘करू नका’ एवढाच सल्ला नको आहे.

---

आकडेमोड

वैद्यकीय चाचण्यांच्या सांख्यिकीचे काम करतो, डॉक्टर नाही. तेव्हा आकड्यांपुरतेच बोलतो. आपण दिलेले सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ते एकमेकांशेजारी ठेवले की मात्र दिशाभूल होते, कारण प्रत्येक ठिकाणी मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

‘स्टॅम्पीड’पासून सुरुवात करू, कारण तिथला निकष बहुतेक जण नीट वाचत नाहीत. त्या चाचणीत १५० रुग्ण होते, त्यांचा मधुमेह सरासरी आठ वर्षांहून जुना होता, आरंभीचे एचबीएवनसी ९ च्या वर होते आणि बऱ्याच जणांना इन्सुलिन चालू होते. यशाची रेषा आखली होती ती एचबीएवनसी ६.० किंवा त्याहून कमी अशी, मग गोळ्या चालू असोत वा नसोत. ६.० ही फारच कडक रेषा आहे. एरवी मधुमेहींसाठी ७ च्या आसपासचे उद्दिष्ट चांगले मानले जाते. पाच वर्षांनी बायपास झालेल्यांपैकी २९ टक्के, स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याची शस्त्रक्रिया) झालेल्यांपैकी २३ टक्के आणि केवळ औषधांवर असलेल्यांपैकी ५ टक्के लोक या रेषेखाली होते. आता त्याच चाचणीचा दुसरा निष्कर्ष पाहा: पाच वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटांत एचबीएवनसी सरासरी २.१ अंकांनी उतरलेले होते आणि औषधांच्या गटात ०.३ अंकांनी. रेषा ओलांडणारे २९ टक्केच असले, तरी न ओलांडणाऱ्या ७१ टक्क्यांतही पुष्कळ जणांची साखर बरीच खाली आलेली होती. टक्केवारीच्या रकान्यात ही माणसे ‘अपयशी’ म्हणून जमा होतात, हे मला नेहमी खटकते.

पोरिस यांच्या मालिकेत यदृच्छ वाटप (चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे गट पाडणे) नव्हते. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांचाच पाठपुरावा होता, तुलनेला समतोल गट नव्हता. त्या काळी तो निष्कर्ष धक्कादायक होता (निबंधाच्या शीर्षकातच ‘कोणाला वाटले असते?’ असा उद्गार आहे), पण आज त्यातील ८३ हा आकडा एखाद्या रुग्णापुढे अपेक्षा म्हणून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

स्वीडनची पाहणी १९८७ मध्ये सुरू झाली. शस्त्रक्रियेचे २०१० आणि नेहमीच्या उपचारांचे २०३७ लोक तीत होते. तीही यदृच्छ नव्हती, मात्र तुलनेचा गट जुळवून घेतलेला होता आणि पाठपुराव्याचा कालावधी असामान्य म्हणावा इतका लांब आहे. शिवाय त्यातील बहुसंख्य शस्त्रक्रिया आज फारशा न होणाऱ्या पद्धतीच्या होत्या. बायपास थोड्यांचेच झाले होते. ७२ वरून ३० ही घसरण पाहताना तुलनेच्या गटाचा आकडा विसरू नये: तो दोन वर्षांनी १६ आणि पंधरा वर्षांनी ६.५ टक्के होता. रोममधील ६० रुग्णांच्या यदृच्छ चाचणीतही असेच दिसते. दोन वर्षांनी बायपासच्या गटात ७५ टक्के लोक रेमिशनमध्ये (औषधांविना साखर मधुमेहाच्या रेषेखाली राहण्याच्या अवस्थेत) होते, पाच वर्षांनी ३७ टक्के आणि दहा वर्षांनी २५ टक्के.

२०२४ च्या विश्लेषणात चार चाचण्या एकत्र केल्या असून त्यांत बायपास आणि स्लीव्हबरोबर जठराभोवती पट्टा बसवण्याची शस्त्रक्रियाही धरली आहे, आणि पट्ट्याचा परिणाम तुलनेने दुबळा असतो. सात वर्षांनी रेमिशन १८ टक्के विरुद्ध ६ टक्के. बारा वर्षांनी सुमारे १३ टक्के विरुद्ध शून्य. त्यात आणखी एक मेख आहे. औषधांच्या गटातील सुमारे पाव लोकांनी पुढे स्वतःहून शस्त्रक्रिया करून घेतली, आणि मूळ वाटपाप्रमाणेच गणना करायची म्हटल्यावर त्यांना मिळालेला लाभ औषधांच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे दोन गटांतील अंतर प्रत्यक्षापेक्षा थोडे कमीच दिसत असावे.

थोडक्यात, ‘किती टक्के’ या प्रश्नाआधी ‘कोणत्या रेषेपर्यंत, किती वर्षांनी आणि कोणत्या रुग्णांत’ हे विचारले पाहिजे. तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तो डॉक्टरांनीच सांगावा.

---

अंतःस्रावी

मधुमेह आणि अंतःस्रावी ग्रंथींचे विकार हेच माझे क्षेत्र आहे. ‘आकडेमोड’ यांनी शेवटी सोडलेला धागा पुढे नेतो.

शस्त्रक्रियेनंतर साखर कमी होते ती दोन टप्प्यांत. पहिला टप्पा काही दिवसांतच दिसतो, वजन फारसे हलण्यापूर्वी. त्यामागे बरेचसे कारण साधे आहे: रुग्ण त्या दिवसांत जवळजवळ उपाशी असतो, यकृतातील चरबी झपाट्याने उतरते आणि यकृत रात्रभर साखर सोडत राहते ते बरेच कमी होते. दुसरे कारण आतड्यांतील संप्रेरकांचे. बायपासमध्ये अन्न जठराचा बहुतांश भाग आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग टाळून थेट पुढे उतरते. तिथे ते लवकर आणि जास्त प्रमाणात पोहोचल्यामुळे जेवणानंतर जीएलपी-१ हे संप्रेरक कित्येक पटींनी वाढते, आणि स्वादुपिंडाकडून इन्सुलिन वेळेवर स्रवते. पित्ताम्लांत आणि आतड्यांतील जिवाणूंतही बदल होतात, मात्र त्यांचा वाटा नेमका किती यावर अजून वाद आहे.

दुसरा टप्पा वजन उतरण्याचा. स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी प्रतिक्रिया सुधारते ती मुख्यतः या टप्प्यात, आणि ती महिनोन्‌महिने सुधारत राहते.

हे सगळे घडण्यासाठी एक गोष्ट शिल्लक असावी लागते, ती म्हणजे इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी. आतड्याने कितीही इशारे दिले तरी ते ऐकायला पेशीच उरल्या नसतील तर साखर सामान्य होणार नाही. म्हणूनच मधुमेहाचा कालावधी आणि इन्सुलिनची गरज या दोन बाबींवर निकालाचे भाकीत सर्वाधिक अवलंबून असते. बायपास झालेल्या रुग्णांच्या नोंदींवरून पेनसिल्व्हेनियातील संशोधकांनी ‘डायारेम’ नावाची एक सोपी गुणपद्धती तयार केली आहे. तीत वय, एचबीएवनसी, गोळ्यांचा प्रकार आणि इन्सुलिन यांना मिळून ० ते २२ गुण दिले जातात आणि गुण जितके जास्त तितकी रेमिशनची शक्यता कमी. आपल्या भावाचे गुण मांडून पाहू. वय पन्नाशीत असल्याबद्दल २, एचबीएवनसी ७ ते ८.९ या पट्ट्यात असल्याबद्दल ४, ग्लिमेपिराइडबद्दल ३ आणि एकट्या इन्सुलिनबद्दल १०, एकूण १९. मूळ अभ्यासात १८ ते २२ गुण असलेल्यांत रेमिशनची शक्यता २ ते १६ टक्के होती, तर २ किंवा त्याहून कमी गुण असलेल्यांत ती ८८ टक्क्यांच्या वर होती. ही पद्धती ढोबळ आहे. इन्सुलिन गोळ्या अपुऱ्या पडल्या म्हणून सुरू झाले की पेशी थकल्या म्हणून, हा फरक तिला कळत नाही. त्यासाठी सी-पेप्टाइडची तपासणी (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते हे दाखवणारी) करून घ्यावी. तरीही ‘कायमचा जाणार’ ही अपेक्षा घेऊन आपल्या भावाने शस्त्रक्रियागृहात जाऊ नये, असे मला स्पष्टपणे वाटते.

मात्र याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी ठरेल, असा कृपया घेऊ नये. इन्सुलिन सुटून एक-दोन गोळ्यांवर ७ च्या खाली राहणे हे त्याच्यासाठी शक्य कोटीतले आहे, आणि डोळे, मूत्रपिंडे व नसा यांच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. स्वीडनच्या पाहणीत सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतींचे प्रमाण तुलनेच्या गटात दर हजार व्यक्ती-वर्षांमागे सुमारे ४२ आणि शस्त्रक्रियेच्या गटात सुमारे २१, म्हणजे निम्म्यावर होते. साखर पुन्हा वाढली तरी मधली काही चांगली वर्षे वाया जात नाहीत.

---

निरभ्र

विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधतो. आतड्याची जुळणी बदलल्यामुळे काही खास जादू होते, हा समज २०२० मध्ये सेंट लुईस येथील एका अभ्यासाने बराच सैल केला. टाइप २ मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्या २२ जणांपैकी निम्म्यांनी आहाराने आणि निम्म्यांनी बायपासने वजन सुमारे १८ टक्क्यांनी घटवले, आणि मग दोन्ही गटांची बारकाईने तपासणी झाली. यकृत, स्नायू आणि चरबी यांची इन्सुलिनला मिळणारी प्रतिक्रिया आणि बीटा पेशींचे काम दोन्हींत जवळपास सारखेच सुधारले होते. जर लाभ वजन घटण्याचाच असेल, तर पोट न उघडता वजन घटवण्याचा मार्ग आधी का पाहू नये? ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत दिवसाला साडेआठशे उष्मांकांच्या आसपासच्या आहाराने पहिल्या वर्षी ४६ टक्के आणि दुसऱ्या वर्षी ३६ टक्के लोक रेमिशनमध्ये होते. आता तर सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइडसारखी वजन व साखर उतरवणारी इंजेक्शने आली आहेत. हाताशी इतके पर्याय असताना चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाच्या आतड्यांची कायमची फेररचना करण्याची घाई मला समजत नाही.

---

अंतःस्रावी

निरभ्र, आपण दिलेला २२ जणांचा अभ्यास महत्त्वाचा आहे आणि माझेही मत त्यामुळे बदलले. वजन घटणे हाच मुख्य कर्ता आहे, हे मी मानतो. पण त्या अभ्यासात १८ टक्के वजन घटवू शकलेल्यांचीच तुलना होती. किती जण आहाराने तिथवर पोहोचतात आणि किती वर्षे तिथे टिकतात, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

‘डायरेक्ट’मध्ये मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना प्रवेशच नव्हता. शोधयात्री यांचा भाऊ त्या चाचणीच्या दारातूनच परत आला असता. पाच वर्षांनी, पुढेही मार्गदर्शन चालू ठेवलेल्या गटातील फक्त १३ टक्के लोक रेमिशनमध्ये उरले, हेही सांगायला हवे.

इंजेक्शनांबद्दल मी आपल्याइतकाच आशावादी आहे, तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मधुमेह नसलेल्यांत टिर्झेपेटाइडच्या मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत वजन सुमारे २१ टक्के घटले. मधुमेहींच्या चाचणीत हीच घट १५ टक्क्यांच्या आसपास राहिली. आणि सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आल्याचे दिसले आहे, म्हणजे औषध बहुधा कायम घ्यावे लागेल. तरीही या भावाच्या यादीत असे इंजेक्शन अजून दिसत नाही. ते देऊन पाहिले का, नसल्यास का नाही, हा प्रश्न त्याने आपल्या डॉक्टरांना आवर्जून विचारावा. तिथे माझे आणि आपले मत एक आहे.

---

दुसरा_डाव

मी स्वतः बायपास करून घेतलेली आहे, म्हणून निबंधांत एका ओळीत उरकल्या जाणाऱ्या काही गोष्टी थोड्या विस्ताराने लिहिते.

घरी सोडण्याच्या आधीच माझे इन्सुलिन बंद झाले होते. त्यानंतरची काही वर्षे एकही गोळी नव्हती आणि सगळे मला ‘बरी झालीस’ म्हणत होते. मग वजन थोडे परतले, उपाशीपोटीची साखर हळूहळू चढली आणि मेटफॉर्मिन पुन्हा सुरू झाले. आज मी एकाच गोळीवर आहे आणि एचबीएवनसी ७ च्या आत आहे. आकडेमोड यांच्या रकान्यात मी कुठे बसते ते ठाऊक नाही, पण शस्त्रक्रियेपूर्वी मला दिवसातून चार वेळा सुई टोचावी लागत असे, एवढे सांगितले तरी पुरे.

आता त्रासाचे. गोड पेय घाईने प्यायले की अर्ध्या तासात छातीत धडधड, घाम आणि पोटात कळ. त्याला डम्पिंग म्हणतात आणि त्याची ओळख लवकरच होते. त्याहून फसवा प्रकार उशिराने होतो. जेवणानंतर दीड-दोन तासांनी साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, शब्द सापडत नाहीत. हे मला शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच काळाने सुरू झाले, त्यामुळे सुरुवातीला त्याचा संबंधच लक्षात आला नाही. थोडे-थोडे खाणे, प्रथिने आधी आणि पिष्टमय पदार्थ शेवटी घेणे यांनी ते बरेच आटोक्यात आले.

लोह, बी-१२, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, आणि रक्ततपासणीही. मधल्या काळात माझे एचबीएवनसी वाढलेले दिसू लागले, पण घरच्या यंत्रावर बोटाच्या रक्तातील साखर तेवढी वाढलेली नव्हती. मधुमेहाची गोळी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांनी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) तपासले, ते तळाला गेलेले निघाले. लोह कमी असले की एचबीएवनसी उगाच वाढलेले दिसू शकते, आणि बायपासनंतर लोह कमी होणे ही नित्याची बाब आहे. शस्त्रक्रियेआधीच्या समुपदेशनात हे मला कोणी सांगितले नव्हते. तिथे सगळा भर पहिल्या सहा महिन्यांच्या आहारावर होता.

एक विषय घरात बोलायला अवघड जातो. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर आणि जास्त चढते आणि व्यसनाचा धोका वाढतो, हे अनेक पाहण्यांत दिसले आहे. भावाला सवय असेल तर ती डॉक्टरांपासून लपवू नये.

---

आकडेमोड

दुसरा_डाव, आपण माझ्या रकान्यात ‘रेमिशन नाही’ या बाजूला पडता, आणि रकान्याची मर्यादा दाखवायला याहून चांगले उदाहरण मला मिळाले नसते. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे साखर कमी करणारे औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीएवनसी ६.५ च्या खाली असेल तरच रेमिशन. एक मेटफॉर्मिनची गोळी माणसाला यादीबाहेर काढते.

धोक्याचा एक आकडा राहिला होता, तो नोंदवतो. अमेरिकेतील दहा केंद्रांच्या २००९ च्या पाहणीत पहिल्यांदाच शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या सुमारे ४८०० रुग्णांत ३० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण ०.३ टक्के आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ४.३ टक्के होते. हे आकडे अनुभवी केंद्रांचे आहेत. दुसऱ्या टोकाला, स्वीडनच्या पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचे सरासरी आयुर्मान तुलनेच्या गटापेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त निघाले, तरी सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा ते कमीच राहिले.

---

शोधयात्री

सर्वांचे मनापासून आभार. डायारेमचे १९ गुण मी भावाला दाखवले. तो थोडा खट्टू झाला, मग त्याने स्वतःच विचारले की इन्सुलिन सुटण्याची शक्यता किती. मला वाटते, विचारायला हवा होता तो हाच प्रश्न होता. सी-पेप्टाइडचा अहवाल आला आहे आणि डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार स्वादुपिंडाचा साठा बऱ्यापैकी आहे. इंजेक्शनाचा विषयही निघाला. ते सहा महिने घेऊन पाहायचे आणि मग शस्त्रक्रियेचा निर्णय करायचा, असे ठरत आहे. शस्त्रक्रिया झालीच तर आधी कशाची काळजी घ्यावी, एवढे कोणी सांगू शकेल का?

---

अंतःस्रावी

साठा चांगला असेल तर १९ गुणांनी दाखवले त्यापेक्षा चित्र बरे असू शकते. आपला क्रम मला पटला.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी इंजेक्शन सुरू करण्यापूर्वीच करून घ्यावी. बराच काळ वाढलेली साखर एकदम खाली आली की आधीपासून असलेला पडद्याचा विकार काही काळ चिघळू शकतो, मग ती औषधाने येवो वा शस्त्रक्रियेने. इंजेक्शन चालू झाल्यावर ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनची मात्रा बहुधा कमी करावी लागेल, अन्यथा साखर फार खाली जाण्याचा धोका राहतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरली तर डॅपाग्लिफ्लोझिन किमान तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपासात ते चालू राहिले तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात घातक प्रमाणात आम्ले साचू शकतात. भूलतज्ज्ञांना हे औषध चालू असल्याचे त्याने स्वतःहून सांगावे, फाइलवर विसंबू नये. शस्त्रक्रियेनंतर ग्लिमेपिराइड सहसा लगेच बंद होते आणि इन्सुलिन पहिल्या दिवसापासूनच बरेच उतरवावे लागते. घरी सोडताना कोणत्या साखरेला किती मात्रा घ्यायची, हे कागदावर लिहून घ्यावे, आणि पहिले काही आठवडे फोनवर कोणाशी बोलायचे त्याचे नावही त्याच कागदावर असावे.